मदत हवी आहे: यादीतला शब्द मजकुरात आहे का तपासताना ‘टँकर’ करात जातोय (पायथन)

मंडळी, आमच्या सोसायटीच्या तक्रारी ऑनलाइन फॉर्मवर मराठीत येतात. पाणी, वीज, कचरा, कर अशा गठ्ठ्यांत त्या आपोआप वाटायच्या आहेत. प्रत्येक गठ्ठ्याची शब्दयादी केली आणि एनी(श इन मजकूर फॉर श इन यादी) एवढंच लिहिलं. (फोनवरून टंकतोय, कोड देवनागरीतच गोड मानून घ्या.)

तर ‘लवकर टँकर मागवा’ हा निरोप थेट कराच्या गठ्ठ्यात! दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘कर’ आहेच. मग पायथनचं पॅटर्न शोधणारं री मॉड्यूल घेऊन शब्दाच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी, म्हणजे ‘इथे शब्दाची हद्द’ अशी खूण, लावलं. ‘लवकर’ सुटला, पण ‘टँकर’ आणि ‘दुरुस्त करा’ अजून अडकतात. पॅटर्न एकच, मग असं का?

प्रतिसाद १:
कारण री मॉड्यूलच्या लेखी काना, मात्रा, अनुस्वार, चंद्रबिंदू ही अक्षरंच नाहीत. ‘लवकर’ ही सलग चार अक्षरं, मध्ये फट नाही. ‘टँकर’मध्ये चंद्रबिंदूपाशी शब्द संपला असं ते धरतं आणि पुढे सुटा ‘कर’ सापडतो. ‘करा’त काना बाहेर पडतो. पिपने (पायथनची मॉड्यूलं बसवणारं साधन) ‘रेगेक्स’ नावाचं वेगळं मॉड्यूल टाका, पॅटर्न तोच ठेवा. ते मात्रांना शब्दातच धरतं.

प्रतिसाद २:
शब्द खूप असतील तर आहो-कोरासिक वापरा, १९७५ पासूनचा अल्गोरिदम आहे. सगळी यादी एका फेरीत तपासून होते.

प्रतिसाद १:
सोसायटीच्या चाळीस-पन्नास शब्दांना कशाला ते! खरी डोकेदुखी विभक्तीची. ‘पाण्याचा’मध्ये ‘पाणी’ नाही, ‘विजेचं’मध्ये ‘वीज’ नाही. यादीत ‘पाण्या’, ‘विजे’, ‘कचऱ्या’ अशी सामान्यरूपंही घाला, आणि त्यांच्यापुरतं शेवटचं बॅकस्लॅश-बी काढा, म्हणजे पुढचा प्रत्यय कुठलाही चालेल. ‘कर’ला मात्र ही सूट देऊ नका, ‘करा, करू, करतो’ सगळे आत घुसतील. माझं मत विचाराल तर ‘कर’ यादीतून उडवाच. ‘घरपट्टी’, ‘पाणीपट्टी’, ‘मालमत्ता कर’ ठेवा.

धागाकर्ता:
‘रेगेक्स’ने टँकर सुटला, आभार! ‘कर’ही उडवला. पण ‘कचऱ्याची गाडी आली नाही’ अशा दोन तक्रारी आल्या, त्यातली एकच सापडते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात.

प्रतिसाद ३:
‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकला जातो. कुणाचा कीबोर्ड युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ आणि हलन्त देतो, तर कुणाचा साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे, म्हणजे २००डी क्रमांकाचं अदृश्य जोडचिन्ह. युनिकोडडेटा मॉड्यूलचं एनएफसी (एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणारी सोय) इथे कामाचं नाही, ते या दोन्हींना एक करत नाही. तपासण्याआधी रिप्लेस करून दुसऱ्याचा पहिला करून घ्या, आणि तेच यादीवरही चालवा.