ओठावरच्या फोडांना ज्येष्ठमध लावून कोणाला फरक पडलाय का?

पानगळ: जरा ताप आला किंवा जागरण झालं की माझ्या खालच्या ओठाच्या कडेला पाण्याच्या फोडांचा झुपका येतो, दरवेळी त्याच जागी. आज परत चुरचुरायला लागलंय. सासूबाई म्हणतात ज्येष्ठमधाची पूड तुपात कालवून लाव. खरंच बरं होतं की नुसतं गार वाटतं? घरात तान्हं बाळ आहे म्हणून जास्त टेन्शन.

कडूनिंब: मी लावते. तुपाने खपली मऊ राहते, हसताना तडकत नाही, एवढं नक्की. पण फोड लवकर जातो असं नाही वाटत, तो तसाही आठवडा-दहा दिवसांत आपोआप जातोच ना, म्हणून तर ज्याला त्याला आपलाच उपाय लागू पडला असं वाटतं. बोट डब्यात घालू नकोस, लागेल तेवढं वाटीत काढून कापसाने टेकव. लसूण बिसूण चोळायला कोणी सांगितलं तर ऐकू नको, कातडी भाजते.

उनाड_ढग: हा हर्पिसचा व्हायरस, एकदा शिरला की चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी दडून बसतो, म्हणून फिरून तिथेच उगवतो. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनने लॅबमध्ये त्याला आवर घातल्याचं दिसलंय, पण लॅबमधली बशी वेगळी आणि ओठ वेगळा. मधाची मात्र २०१९ मध्ये न्यूझीलंडची मोठी ट्रायल आहे, ९५२ जण, कानुका मध (तिथल्या कानुका झाडाच्या फुलांचा) विरुद्ध असायक्लोव्हिर हे याच व्हायरसवरचं क्रीम, दोन्हीत म्हणावा असा फरक नाही, बरं व्हायला ८-९ दिवस. आता मध भारी म्हणायचा की क्रीमच यथातथा ते तुम्ही ठरवा 😄 वारंवार येत असेल तर डॉक्टर गोळ्या देतात, पण त्या चुरचुर सुरू झाल्या झाल्या घ्यायच्या, फोडात पाणी भरल्यावर फारसा उपयोग नाही.

रातराणी: अगं पानगळ, ज्येष्ठमध राहू दे, आधी बाळाचं बघ. तान्ह्या बाळाला हे इन्फेक्शन जिवावर बेतू शकतं. खपली पडून कातडी भरेपर्यंत पापी अजिबात नाही, मास्क लाव, बाळाला घेण्याआधी साबणाने हात धू. अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त छातीवर फोड नको. बाळ दूध पीत नाही, सुस्तावलंय किंवा ताप आहे असं वाटलं तर थांबू नकोस, सरळ दवाखाना.

पानगळ: बापरे, हे माहीतच नव्हतं. मास्क लावलाय, संध्याकाळी डॉक्टरांकडे जाते, पाजते हेही सांगते त्यांना. सासूबाईंनाही मधूनमधून येतात हे फोड, त्यांनाही पापीबंदी सांगितली, तर म्हणाल्या बरं, पण तूप तरी लाव.