रेशीम सोडलं, पण आता घालायचं काय?

चिवट_सूत:
नवं रेशीम घेणं मी बंद केलंय. अळी कोश विणून आत झोपली की तो कोश वाफेवर किंवा गरम हवेत ठेवून आतला जीव मारतात आणि मग गरम पाण्यात टाकून धागा उकलतात. पतंग बाहेर पडू दिला तर कोशाला भोक पडतं, ६००-९०० मीटरच्या सलग धाग्याचे तुकडे होतात. म्हणजे सलग धागा हवा तर जीव घ्यावाच लागतो. किलोभर कच्च्या रेशमाला हजारो कोश लागतात. पटतं तुम्हाला?

कोरडा_पाला:
पटतं. पण बदल्यात काय घालणार? पॉलिएस्टर? ते खनिज तेलातून येतं आणि धुताना प्लास्टिकचे तंतू पाण्यात सोडतं. कापूस म्हणाल, तर फवारणीत किती किडे मरतात हे कोण मोजतं? रेशमाच्या अळ्या ज्या तुतीचा पाला खातात, तिच्यावर मात्र कीटकनाशक जपूनच मारावं लागतं, नाहीतर आपल्याच अळ्या मरायच्या.

मोजपट्टी:
हे अर्धंच सांगितलंत. किलोभर रेशमामागे तुतीचा जवळजवळ २०० किलो पाला लागतो. त्याला पाणी, खत आणि वर कोश उकळायला इंधन. कापडाच्या मालाचा पर्यावरणावरचा भार मोजणाऱ्या हिग निर्देशांकात किलोमागच्या हिशेबाने रेशीम पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी वाईट ठरलं होतं.

कोरडा_पाला:
तो निर्देशांक माल तयार होईपर्यंतचाच हिशेब धरतो. कपडा किती वर्षं टिकला, धुण्यातून काय वाहून गेलं, हे त्यात नाही. आणि जगातल्या एकूण धाग्यांत रेशीम एक टक्कासुद्धा नाही, मग सगळा राग त्याच्यावरच का?

मोजपट्टी:
थोडं आहे म्हणून माफ? कमाल आहे.

नवखा:
अहिंसा रेशीम घ्या की! पतंग उडून गेल्यावरच धागा काढतात.

खुरपं:
उडून कुठे जाणार? पाळीव रेशीमपतंगाला उडता येत नाही, खाताही येत नाही. काही दिवसांत मरतो. त्याआधी मादी ३००-४०० अंडी घालते. सगळी उबली तर त्या अळ्यांना पाला कोण घालणार? एक मरण टाळून शेकडो उपाशी मारायची, किंवा अंडीच नष्ट करायची. हा भाग लेबलावर नसतो. एरी नावाच्या दुसऱ्या जातीच्या रेशमाचा कोश एका टोकाला मोकळा असतो हे खरं, पण म्हणून आतला जीव सुटतोच असं नाही. बरेच जण तो काढून खातात.

चिवट_सूत:
हा अंड्यांचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. कपाटातलं जुनं रेशीम मात्र मी वापरणार आहे, फेकून तो किडा परत येत नाही.

मोजपट्टी:
आणि तुमच्या अंगावर बघून कुणी नवं घेतलं तर?

चिवट_सूत:
विचारलं तर वाफेचं सांगेन. न विचारताच घेतलं तर… हं. यावर उत्तर नाही माझ्याकडे.