मदत हवी आहे: मावशीला घरकुल मंजूर झालंय, पण जागा सासऱ्यांच्या नावावर

नमस्कार. घरकुल आणि ग्रामपंचायतीच्या नोंदींमधलं कुणाला कळत असेल तर कृपया सांगा. वेळ फार थोडा उरलाय.

माझी मावशी बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात राहते. काका वारले त्याला नऊ वर्षं झाली. दसरा झाला की ती टोळीबरोबर ऊसतोडीला जाते. मुलगा आणि ती मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. यंदा पंतप्रधान आवास योजनेत तिचं नाव आलं. 1 लाख 20 हजार, शिवाय रोजगार हमीची (रोहयो) 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार. पहिल्या हप्त्याचे 15 हजार खात्यात आले, त्यातून तिनं विटा उतरवून घेतल्या. दारात रचून वर पोती टाकलीत.

श्रावणात मी गेले होते. पत्रा पाच ठिकाणी गळतो. रात्रभर उठून ती घमेलं रिकामं करत होती. सकाळी विचारलं, "घरकुल केवढं बसंल गं?" मी म्हटलं, निदान 269 चौरस फूट. तर तिनं चिखलातच पावलं टाकून मोजलं, आणि चूल कुठे येईल तेही दाखवलं.

अडचण अशी की नमुना 8 ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत, अजून सासऱ्यांचंच नाव आहे, आणि ते कधीच गेले. अर्ज करताना दीर तोंडी हो म्हणाले होते. आता संमतीपत्रावर सही देत नाहीत, जोत्याची आखणी करायला गेलं तर आडवे येतात. जोता झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, तर घेऊन झालीय. फोटो काढायला अभियंता येईल तेव्हा ही फडात असेल.

दिरांच्या सहीशिवाय वारसनोंद होते का? आणि जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून 1 लाखापर्यंत मिळतात, ते पहिला हप्ता उचलल्यावरही मागता येतात का?

प्रतिसाद: ताई, वारसनोंद आणि वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गावात नेमकी इथेच गल्लत होते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मयत मुलाची विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे. सासऱ्यांचा आणि काकांचा मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडून सगळ्या वारसांची नावं लावा असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी अजिबात बोलू नका. पण नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका कुणाच्या नावे निघालीय ते भूमी अभिलेखमध्ये बघा. जागा खरेदीचं मात्र गटविकास अधिकाऱ्यांनाच लेखी विचारा.

प्रतिसाद: दिरांना नुसती सही मागू नका. वाटणीत कोणता कोपरा त्यांचा राहील, हे त्याच कागदावर लिहून द्या. आमच्याकडे चुलत्यांना हीच धास्ती होती की घरकुल झालं की सगळी जागा गेली. चार माणसांत बसून लिहिल्यावर त्यांनी सही केली.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. कोपऱ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. दिरांचा गोठा पूर्वेला आहे, ती बाजू सोडायला मावशी तयार होईल. दाखले तिच्या पेटीत आहेत. शनिवारी गावी जातेय, अर्ज तिथेच बसून लिहीन. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना कुणाकडे असेल तर त्याआधी इथे टाकाल का?