मदत हवी आहे : महाबळेश्वरच्या झाडांवरचं हे झुडपासारखं दगडफूल कोणतं?

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात महाबळेश्वरला आर्थर सीटच्या रस्त्यालगत रानात फिरत होते. जांभूळ आणि अंजनीच्या फांद्यांवर हिरवट-राखाडी झुपकेच झुपके. मसाल्यातलं दगडफूल मी ओळखते, दरवर्षी घरी गोडा मसाला करते. ते पापडीसारखं पसरट असतं, वरून राखाडी, खालून काळपट. हे तसं मुळीच नाही. एकाच बिंदूला फांदीला धरून बसलंय आणि तिथून चहूबाजूंनी फुटलंय.

वाऱ्याने पडलेली एक फांदी वाटेत होती, तेवढीच कागदात गुंडाळून आणली. झाडावरचं तोडलं नाही, कारण वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं असं वाचलंय. झुपका चार-पाच सेंटिमीटरचा आहे, फाटे चपटे, फितीसारखे, दोन्ही अंगांनी एकाच रंगाचे, आणि कडेला बारक्या बशांसारख्या फिकट चकत्या. शेजारी त्याचंच पिल्लू वाटावं असा दोऱ्यासारखा बारीक झुपकाही आहे. वाळल्यावर सगळं कडक होतं, पाणी शिंपडलं की मऊ आणि हिरवं.

शोधल्यावर उस्निया हे नाव सारखं समोर येतंय, पण त्या फोटोंत फाटे गोल दिसतात. मी शाळेत शिकवते, मुलांना दाखवताना चुकीचं नाव सांगायचं नाहीये. कुणी जाणकार मदत कराल का?

प्रतिसाद १
ताई, चपटे फाटे आणि दोन्ही बाजू सारख्या म्हणजे रामालिना असावं. खात्रीसाठी एक फाटा दहा मिनिटं पाण्यात भिजवा आणि दोन्ही टोकं धरून हळू ताणा. उस्निया असेल तर वरची साल तुटून मागे सरकते आणि आत पांढरा, रबरासारखा ताणला जाणारा दोरा दिसतो. रामालिनात हा दोरा नसतो, फाटा सरळ तुटतो. रंगावर जाऊ नका, दोन्हींत पिवळसर हिरवी छटा असते.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. फक्त 'रामालिना' या प्रजातीवर थांबा, पुढची जात फोटोवरून सांगणं बरोबर नाही. त्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून रंग बदलतो का पाहतात, क्रोमॅटोग्राफीही (आतली रसायनं वेगळी करून ओळखायची चाचणी) करावी लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचा (म्हणजे अशा दगडफुलांचा, लायकेनचा) मोठा संग्रह आहे, तिथे विचारून पाहा. पाकिटावर झाडाचं नाव, ठिकाण आणि तारीख नक्की लिहा. आणि मुलांना हे शेवाळ नाही, बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार आहे, हे आवर्जून सांगा. हवेतल्या सल्फर डायऑक्साइडने ही झुडपी शैवाकं सगळ्यांत आधी मरतात, म्हणून शहरात अशी दिसत नाहीत. मसाल्यात मात्र घालू नका.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार! काल रात्री भिजवून पाहिलं. चपटा फाटा सरळ तुटला, दोरा नाही. मग सहज म्हणून तो बारीक 'पिल्लू' झुपका ताणला, तर साल सरकली आणि आत पांढराशुभ्र दोरा! म्हणजे एकाच फांदीवर दोन वेगळी निघाली. दोन पाकिटं केली आहेत, आज मुलांना भिंगाखाली दोन्ही दाखवते.