मदत हवी आहे: निओबियम-टिन केबलच्या कडेला आरआरआर (तांब्याचा खोलीच्या तापमानातला रोध भागिले अतिथंडातला रोध, म्हणजे शुद्धतेचं माप) पडतोय

रदरफर्ड केबल (तारा वळून चपटी दाबलेली अतिवाहक केबल), ०.८५ मिमीच्या ४० तारा. केबलमधून सोडवलेली तार टायटॅनियम मिश्रधातूच्या बॅरलवर गुंडाळून भट्टीतून काढली. ४.२ केल्विन, १२ टेस्लाला क्रिटिकल करंट (अतिवाहकता टिकवून वाहणारा कमाल प्रवाह) मूळ तारेपेक्षा जेमतेम कमी, त्याची चिंता नाही. आरआरआर मात्र सपाट भागात ठीक आणि कडेच्या मुडपीवर थेट निम्मा.

भट्टीवर संशय नको: सोबत ठेवलेली गोल तार उत्तम निघाली. व्होल्टेज टॅप (व्होल्टेज मोजायच्या जोडण्या) पुन्हा डाग देऊन पाहिले, आकडे तेच. पॉलिश केलेल्या छेदात कडेची बॅरियर (कथील तांब्यापासून अलग ठेवणारा थर) चेपलेली दिसते, म्हणजे कथील तांब्यात झिरपत असणार. केबल वळून झालीय, दाब बदलता येणार नाही. हातात फक्त भट्टीचा शेवटचा टप्पा आहे: ६६५ अंश, ५० तास.

कडेचा आरआरआर वाचवायला तापमान उतरवू की तास? आणि त्यापायी करंट साधारण किती टक्के जातो?