रविवारची टेस्ट, रविवारची मिस्सा: सूट मागावी का?

नंदानगरकर (धागाकर्ती)

माझी मुलगी अकरावीत आहे, इंदूरच्या भंवरकुआला नीटच्या क्लासला जाते. क्लासवाल्यांनी जूनपासून दर रविवारी सकाळी साडेसातला टेस्ट सुरू केली. ती अकराला संपते आणि मग साडेबारापर्यंत पेपरची चर्चा चालते. आमच्या पल्लीत रविवारी एकच मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, असते, आठची. (एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्तीला वसईला किंवा नगरकडे धर्मग्राम म्हणतात, आम्ही इंदूरवाले हिंदीच्या संगतीत पल्ली म्हणतो, आणि मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीला, म्हणजे ख्रिस्तप्रसादाला, परमप्रसाद. घरात मराठी आणि वेदीपाशी हिंदी, अशी आमची तिसरी पिढी.)

पाच रविवार झाले, मुलगी मिस्सेला आलेली नाही. गेल्या आठवड्यात पल्लीतल्या एक ताई म्हणाल्या, "मिस्सा चुकली तरी चालेल अशी फादरांकडून सूट घेऊन टाक ना, देतात." त्यांनी मायेनंच सांगितलं. पण मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते इथे मांडते.

ख्रिस्तसभेनं, म्हणजे आपल्या कॅथलिक चर्चनं, सामान्य भाविकाकडे फार काही मागितलेलं नाही. रविवारी आणि सक्तीच्या सणांना मिस्सा, वर्षातून एकदा तरी पापस्वीकार, पास्काच्या (ईस्टरच्या) काळात परमप्रसाद, उपवासाचे दिवस पाळणं, ऐपतीप्रमाणे ख्रिस्तसभेच्या गरजांना हातभार. झाले पाच नियम. भारतात रविवार सोडले तर सक्तीचे सणही दोनच, नाताळ आणि 15 ऑगस्टचा मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा. यातलंसुद्धा पहिलंच आपण एका खाजगी क्लासच्या वेळापत्रकासाठी सोडायचं? 304 साली उत्तर आफ्रिकेतल्या अबितिना गावच्या ख्रिस्ती लोकांना रविवारी एकत्र जमल्याबद्दल पकडून कार्थेजला नेलं. बादशहाची बंदी होती. का जमलात, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की प्रभूच्या दिवसाच्या उपासनेशिवाय आम्ही राहू शकत नाही. आपल्यावर कुणाची बंदी नाही, आहे ती फक्त टेस्ट.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. आमच्या चर्चमध्ये डावीकडचे पुढचे दोन बाक तरुण मुलांचे. तीन वर्षांपूर्वी तिथे दाटीवाटीनं बसायचे, आज चारजण असतात. अकरावी-बारावीची दोन वर्षं मुलं येत नाहीत. मग कॉलेजसाठी पुण्याला, भोपाळला जातात, आणि सुट्टीत घरी आली तरी त्या बाकावर परतत नाहीत. माझी मुलगी महिन्यातून एकदा दुसरं वाचन करायची, आता ते मी करते. सूट मिळाली तर तिच्यावर पाप लागणार नाही हे कळतं मला. पण सूट मिळाल्यानं बाक भरत नाही.

पीथमपूर शिफ्ट

ताई, तुमच्या काळजीबद्दल आदर आहे, पण "सूट मागू नये" हे वाक्य धोक्याचं आहे. मी त्याची किंमत मोजली आहे.

मी पीथमपूरला कारखान्यात आहे. पाळ्या फिरत्या, महिन्यातले दोन रविवार हमखास कामाचे. सुरुवातीची दोन वर्षं मी कुणाला काही विचारलं नाही. तुमच्यासारखंच वाटायचं, की सूट मागणं म्हणजे पळवाट. मिस्सा चुकली की मी स्वतःला गंभीर पापात धरायचो, मग पुढच्या रविवारी गेलो तरी परमप्रसाद घ्यायचो नाही, आणि पापस्वीकाराला जायची लाज वाटायची. शेवटी ज्या रविवारी सुट्टी होती त्या रविवारीही जाणं बंद झालं. बायको मुलांना घेऊन जायची आणि मी घरी झोपल्याचं सोंग करायचो.

एके दिवशी फादर आजारी शेजाऱ्याला परमप्रसाद द्यायला आमच्या गल्लीत आले होते, तेव्हा बोलणं निघालं. त्यांनी सांगितलं की ज्याला पोटासाठी पाळी करावीच लागते त्याला नियम आधीच मोकळा ठेवतो. आणि शंका असेल तर कॅनन कायद्याच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या, 1245 व्या कलमाप्रमाणे पल्लीचा प्रमुख फादर योग्य कारण पाहून सूट देऊ शकतो किंवा त्याऐवजी दुसरं भक्तिकार्य सांगू शकतो. मला त्यांनी सांगितलं की पाळीच्या रविवारी घरी आल्यावर कुटुंबासोबत त्या दिवसाचं शुभवर्तमान मोठ्यानं वाच. चार वर्षं वाचतोय. धाकटा आता स्वतःच पुस्तक आणून ठेवतो.

म्हणून म्हणतो, सूट मागायला गेलेला माणूस निदान फादरांशी बोलतो. न मागणारा गुपचूप गळतो.

नंदानगरकर

दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या बाबतीत मी शब्द मागे घेते. पण तुमची पाळी ही तुमच्या घरची भाकरी आहे आणि टेस्ट ही आम्ही पैसे भरून निवडलेली गोष्ट. दोन्हीला एकच न्याय कसा लावायचा? क्लास बदलता येतो, निदान क्लासवाल्यांशी भांडता येतं. कारखान्याशी तुम्ही किती भांडणार?

महूकर

मला दोन्ही बाजू उगाच ताणल्यासारख्या वाटतात. नियमात काय आहे तेवढं पाहू.

सात वर्षं पूर्ण झाल्यावर ख्रिस्तसभेचे नियम मुलाला स्वतःला लागू होतात. म्हणजे अकरावीतली मुलगी स्वतः बांधील आहे. आई तिच्या वतीनं सूट नाकारूही शकत नाही आणि घेऊही शकत नाही. धर्मशिक्षणाच्या ग्रंथात कारणं दिली आहेत ती आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल अशी. आठवड्याची टेस्ट त्यात बसत नाही, हे मलाही मान्य.

पण 1248 वं कलम सांगतं की मिस्सा त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी, कुठल्याही कॅथलिक विधीत झाली तरी कर्तव्य पूर्ण होतं. शनिवारी संध्याकाळी शहरात कुठे मिस्सा असेल तर तिथे जावं. रविवारी संध्याकाळी दुसऱ्या पल्लीत असेल तर तिथे. मल्याळी बांधवांच्या सिरो-मलबार कुर्बानाला, म्हणजे त्यांच्या परंपरेतल्या मिस्सेला, बसलात तरी चालतं, भाषा कळो न कळो. स्कूटीवर वीस मिनिटं लागतात, प्रश्न मिटला. आणि नीटची परीक्षाच रविवारी येते, 2024 ला 5 मे, 2025 ला 4 मे. त्या दिवशी काय करणार होतात?

नंदानगरकर

परीक्षेच्या दिवशी सकाळी आठच्या मिस्सेला जाऊ आणि तिथून केंद्रावर. पेपर दुपारी दोनला असतो. नेलंच असतं.

दुसऱ्या पल्लीचं म्हणाल तर कायद्यानं तुमचं खरं आहे. पण तिथे तिला कोण ओळखतं? आमच्याकडे ती दिसली नाही की तीनजणी विचारतात, मुलगी बरी आहे ना? परक्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून, आशीर्वाद झाला की स्कूटी काढून निघायचं, याला मी हजेरी म्हणेन. पल्लीत एकमेकांच्या घरी मयत झालं की आपण जातो, नाताळची करंजी वाटतो, दफनविधीला खांदा देतो. हे सगळं आठ वाजताच्या त्या एका तासातून उगवतं.

आजी नगरवाली

मी परदेशीपुऱ्यात राहते, वय 77. नातू टाइप करून देतो आहे.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. लहानपणी फादर महिन्यातून एखाद्या वेळी घोड्यावर, पुढे मोटारसायकलवर यायचे. बाकीच्या रविवारी मास्तर प्रार्थना घ्यायचे. शुभवर्तमान वाचायचे, जपमाळ व्हायची, आणि कुणाच्या घरी दाणे संपलेत ते विचारलं जायचं. मिस्सा कमी होती पण तहान फार होती. फादर येणार म्हटलं की आदल्या दिवशी अंगण सारवलेलं असायचं. लग्न होऊन इंदूरला आले, मालक मिलमध्ये. इथे दर रविवारी मिस्सा, पण हिंदीत. सहा महिने मला "प्रणाम मरिया" म्हणताना रडू यायचं. तोंडात शब्द बसत नव्हते. तरी गेले, कारण दुसरं कुणी आपलं नव्हतं.

तुम्ही सगळे कलमं सांगताय, चांगलं आहे. पण बाई, मुलीला कुणी विचारलंत का?

प्रश्नांकित

आजींनी बरोबर विचारलं. मी 24 वर्षांचा आहे, बारावीनंतर जाणं सोडलं. माझ्या घरी रविवारी सकाळी आवाज चढायचे. "उठ, पाप लागेल." चर्चच्या दारापर्यंत ओढाताण आणि आत गेलं की शांतीचं अभिवादन. मला ते खोटं वाटत राहिलं.

आणि मला हा सगळा हिशेबच चुकीचा वाटतो. आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यात उदयनगरला सिस्टर राणी मारिया काम करायच्या. सावकारांच्या कचाट्यातल्या गावकऱ्यांना बचत शिकवली, एकत्र आणलं, आणि त्यासाठीच 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येताना बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. 4 नोव्हेंबर 2017 ला इथेच, इंदूरला, त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा मीही आईवडिलांबरोबर त्या मंडपात होतो. त्यांनी किती रविवार पाळले हे कुणी मोजलं नाही. धर्माचं कर्तव्य ते, असं मला वाटतं. तुमची मुलगी डॉक्टर होऊन अशा गावात गेली तर चुकलेले पाच रविवार कोण विचारणार आहे?

रात्रपाळी

मी नर्स आहे. रुग्णाजवळ असते तेव्हा मिस्सा चुकली तर मला अपराधी वाटत नाही, वाटूही नये. पण प्रश्नांकित, सिस्टर राणी मारियांना मिस्सेच्या विरुद्ध उभं करू नकोस. व्रतस्थ बाई होत्या त्या. रोजची प्रार्थना आणि रोजची मिस्सा यावरच ती माणसं उभी असतात. गावात उतरायचं बळ वेगळं आणि वेदीपुढचं वेगळं, असं त्यांच्यात नसतं. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, मारेकऱ्याला माफ करून तुरुंगात राखी बांधली. एवढी क्षमा कुठून आली असेल? दर मिस्सेत "जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो" म्हणत राहिल्याशिवाय ती जिभेवर तरी येईल का?

आणखी एक. संत जस्टिन यांनी साधारण 155 साली रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलंय. वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, आणि मग ज्यांची ऐपत आहे ते वर्गणी देतात. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांना मदत होते, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे परमप्रसाद पोचवला जातो. म्हणजे सेवा आणि सभा पहिल्यापासून एकाच तासात बांधलेल्या आहेत.

घरात आवाज चढायचे याबद्दल मात्र तू बरोबर आहेस. ते आईबापांनी ऐकायला हवं.

नंदानगरकर

काल रात्री मुलीला विचारलं. आजी, तुमच्यामुळे.

ती म्हणाली, "पहिल्या रविवारी सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या रविवारी वाचन कुणी केलं असेल असं मनात आलं. तिसऱ्या रविवारी तुझा राग आला. चौथ्या रविवारी काहीच वाटलं नाही." मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आई, ते काहीच न वाटणं मला आवडलं नाही."

मी ओरडले नाही.

आज आम्ही सात कुटुंबं मिळून फादरांना पत्र दिलं. 212 व्या कलमात भाविकांना आपलं म्हणणं मेंढपाळांपुढे, म्हणजे धर्मगुरूंपुढे, मांडायचा हक्क दिलाय, आणि काही वेळा ते कर्तव्यही ठरतं. त्याच आधारानं शनिवार संध्याकाळची मिस्सा मागितली. फादर म्हणाले, शनिवारी ते दोन गावांत जातात, परतायला रात्र होते, जमणार नाही. रविवारी संध्याकाळी सहाला करू शकतात, पण रिकाम्या चर्चमध्ये नको, वीसजण तरी नक्की हवेत. क्लासवाल्यांनाही भेटले. त्यांनी टेस्ट हलवायला नकार दिला, इतर पालक तयार नाहीत म्हणाले.

सूट घेण्याबद्दल माझं मत: पीथमपूरच्या दादांसाठी ती आहे, आमच्यासाठी नाही. यावर मी ठाम आहे.

प्रश्नांकित

तुमच्या मुलीला स्वतःहून बोलू दिलंत, ते माझ्या घरी झालं नाही. पण तुमच्याशी सहमत मात्र नाही. उद्या तिला पुढच्या रविवारीही काहीच वाटलं नाही, तर तेव्हाही असंच ऐकून घ्याल का?

महूकर

वीस माणसांची अट मला पटत नाही. पल्लीच्या फादरला रविवारी लोकांसाठी मिस्सा करावीच लागते, डोकी मोजायची नसतात. अर्थात ती सकाळी होतेच आहे, आणि माणूस एकटा आहे, हेही खरं.

पीथमपूर शिफ्ट

वीसात माझी चार नावं धरा. सकाळची पाळी असते तेव्हा दुपारी साडेतीनला सुटतो, सहाला पोचतो. त्या रविवारचं घरचं वाचन तरी बंद करणार नाही, धाकटा ऐकायचा नाही.

आजी नगरवाली

माझंही नाव लिहा. पण संध्याकाळी मला नीट दिसत नाही. मुलीला सांगा, येताना परदेशीपुऱ्यातून मला घेऊन जायला. स्कूटीवर बसते मी.