बुलफ्रॉग आणि मार्मोट यांची झोप एकच का?

येऊरकर, ठाणे:
आम्ही येऊरच्या पायथ्याशी राहतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात खाचरात पिवळेधमक बुलफ्रॉग निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात आणि पावसाळा सरला की दिसेनासे होतात. मागच्या वर्षी पँगाँगच्या वाटेवर मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातला लठ्ठ कृंतक, पाहिला. तोही हिवाळाभर बिळात असतो. एकाची ग्रीष्मनिद्रा, दुसऱ्याची शीतनिद्रा. फरक केवळ ऋतूचा आहे, की शरीरात घडते तेही वेगळे असते?

जीवशास्त्रवाली, खारघर:
बरेच वेगळे असते. बेडकाला स्वतःचे असे तापमान नसते. माती जितकी तापेल तितका तो तापतो. त्याचा प्रश्न पाण्याचा आहे, कारण त्याच्या त्वचेतून पाणी सतत उडते, म्हणून ओलावा मिळेल इतका खोल शिरून तो निपचित पडतो. मार्मोट मात्र सस्तन असल्यामुळे त्याला शरीर गरम ठेवण्यासाठी सतत अन्न लागते आणि चारा तर बर्फाखाली गेलेला असतो. त्यामुळे तो शरीराचे तापमान १० अंशांच्याही खाली उतरू देतो आणि हृदयाचे ठोके मिनिटाला मोजकेच उरतात. गंमत अशी, की ही झोप सलग नसते. दर दोन-तीन आठवड्यांनी तो स्वतःला पुन्हा तापवून जागा होतो आणि साठवलेल्या चरबीचा मोठा हिस्सा या जागरणांतच खर्च होतो. सगळे कुटुंब एकाच बिळात बिलगून झोपते, तेही ही ऊब वाचवण्यासाठी.

नेरुळचा माळी:
वरच्या उत्तरात एक भर घालतो. चरबी बेडकाकडेही असते. ज्यांनी कॉलेजात बेडकाचे विच्छेदन केले असेल, त्यांना मूत्रपिंडांजवळचे बोटांसारखे पिवळे मेदपिंड आठवतील. पाऊस पडताच प्रजननाला लागणारी शक्ती त्यातूनच येते, आणि मार्मोटही बिळातून बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत जोडी जमवतो.

येऊरकर, ठाणे:
आभार. मे महिन्यात कुंडी हलवताना खालच्या ओल्या मातीत बेडूक सापडला, तर पुन्हा पुरावा का?

नेरुळचा माळी:
हात न लावता ओली माती अलगद वर ओढून कुंडी परत ठेवावी. बेडूक उचलला की तो हातावर पाणी सोडतो आणि आपण किळस करतो. पण मूत्राशयातले ते पाणी म्हणजे पाऊस येईपर्यंतची त्याची शिदोरी असते.